मुक्कामी मास्तर

गिरीधरने नकाशा पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता, आणि चांगला मोठा करून पाहिला होता. सरकारी प्राथमिक शिक्षकाची परीक्षा तो बऱ्याच खेपांनंतर एकदाचा पास झाला, तेव्हा डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले होते आणि गुणवत्ता यादीत नाव इतकं खाली होतं की गाव निवडायची त्याची पाळी येईपर्यंत पडद्यावर दोनच गावं उरली होती. एक धर्मपुरीकडच्या डोंगरात आणि दुसरं तिट्टुकुप्पम, एन्नोरजवळ.

एन्नोर म्हणजे चेन्नईच. मैलापूरहून निघायचं, गाडी बदलायची, एन्नोरला उतरायचं, आणि तिथून तिट्टुकुप्पम बोटभर अंतरावर. मधला भाग नकाशात निळा होता. पण गिरीधरचा फोन जुना, त्याच्यावर निम्मं जगच निळं दिसे. तमिळमध्ये 'तिट्टु' म्हणजे बेट, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण गावाच्या नावाचा अर्थ कोण धरून बसतो? चेन्नईतल्या एका भागाला नंदनम म्हणतात म्हणून तिथे काय नंदनवन आहे?

"रोज रात्रीं जेवायला घरींच," असं त्याने आईला सांगितलं आणि तिट्टुकुप्पमवर बोट ठेवलं.

त्याची आई सरोजाबाई. मूळचं घराणं तंजावरकडचं. पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर महाराष्ट्रातून खाली उतरले आणि परत वर चढायचं विसरले. घरात अजून मराठी बोलत, पण ती अशी की पुण्याचा माणूस ऐकता तर त्याला वाटलं असतं, एखादी जुनी पोथी उठून स्वयंपाकघरात आली आहे आणि मधूनच तमिळ बोलते आहे. आता घरात ती मराठी बोलणारे दोघंच, सरोजाबाई आणि गिरीधर. थोरला व्यंकट इंग्रजीत कमवायचा, त्याची बायको तमिळमध्ये रागवायची आणि त्यांची मुलगी दिव्यश्री आजीला मान डोलावून उत्तर द्यायची.

रुजू व्हायच्या दिवशी गिरीधर इस्त्रीचा शर्ट घालून एन्नोरला उतरला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "तिट्टुकुप्पम." रिक्षावाला त्याला खाडीपर्यंत घेऊन गेला, पैसे घेतले आणि समोर पाण्याकडे हनुवटी उडवली. "ते काय."

पलीकडे, बंदराच्या क्रेन आणि वीजकेंद्राच्या चिमण्या यांच्या मधोमध, माडांची एक रांग पाण्यावर तरंगत होती.

गिरीधरला पोहता येत नव्हतं. पाण्याची त्याला इतकी भीती की मैलापूरच्या देवळातल्या तळ्याच्या पायऱ्याही तो कठड्याला धरून उतरत असे. होडीत कोळणी होत्या, बर्फाच्या पेट्या होत्या, एक सायकल होती आणि एक बकरी होती. खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी आत शिरतं तिथे होडी एकदा वर गेली, मग खाली गेली. बकरी शांत उभी होती. गिरीधरने सकाळचे इडली-सांबार खाडीला अर्पण केले, डोळे मिटले आणि उरलेला प्रवास बकरीच्या गळ्यात हात टाकून केला.

किनाऱ्यावर पाय लागताच त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली. ही खाडी दिवसातून दोनदा ओलांडणं आपल्याच्याने होणार नाही. आठवड्यातून एकदासुद्धा होणार नाही. शाळेच्या मागे शिक्षकांसाठी बांधलेली एक खोली होती. तिच्यात जुनी जाळी भरलेली होती, कारण आजवर तिथे कोणी राहिलंच नव्हतं.

"मी इथेच राहीन," तो पंचायतीच्या प्रमुखाला म्हणाला.

प्रमुखाचं नाव एकांबरम. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. तो गिरीधरकडे बघतच राहिला. तिट्टुकुप्पमला येणारा प्रत्येक मास्तर सकाळच्या होडीने येई आणि दुपारी होडी सुटायच्या आधी तासभर चपला घालून बसे. शाळा होडीच्या इंजिनावर चालायची. आणि हा माणूस पहिल्याच दिवशी, पोटात अन्नाचा कण नसताना, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, मी इथेच राहीन.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटावर बातमी झाली. असा मास्तर आला आहे की ज्याने पोरांसाठी घर सोडलं.

गिरीधरने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. करणार कसा? 'मी होडीला घाबरतो' हे मच्छीमारांच्या गावात सांगायला जे धैर्य लागतं, ते असतं तर तो होडीत बसला असता.

पुढेही असंच होत गेलं. दुपारी शाळा सुटल्यावर करायला काही नसे म्हणून तो शाळा लवकर सोडेचना. पाचपर्यंत मुलांकडून पाढे म्हणून घेई, तमिळचे धडे मोठ्याने वाचून घेई. रविवारी तर वेळ जाता जाईना, म्हणून रविवारीही मुलांना बोलावलं. एकांबरम सद्गदित झाला. दुसऱ्या शिक्षकाची जागा बरीच वर्षं रिकामी होती. आता कोणी तिची आठवणही काढीना. 'आमचे सार एकटे चौघांना भारी आहेत,' असं तो पलीकडच्या गावात सांगत सुटला. तमिळ तोंडात सरांचा 'सार' होतो.

सार मात्र आतून पार कंटाळून गेले होते, आणि ते सगळं ते रोज संध्याकाळी आईला फोनवर सांगत.

बेटावर फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळे. समुद्राच्या बाजूला जाळी विणायची झापांची मोठी मांडवी, म्हणजे उघडा मांडव, होती. तिच्या टोकाला एक सिमेंटचा बाक होता. त्या बाकावर चढून तोंड नैर्ऋत्येला केलं की दोन रेघा उमटत. मांडवीत संध्याकाळी अर्धं बेट बसलेलं असे. पुरुष जाळी सांधत, बायका कोळंबी निवडत, आणि बाकावर उभा राहून गिरीधर ओरडत असे. ओरडावंच लागे, कारण इकडे वारा आणि तिकडे सरोजाबाईंचा कमी ऐकणारा उजवा कान. पण लाज कसली? तो बोलत होता तंजावरी मराठी. मैलापुरात ती चार जणांना कळत नव्हती, तिथे या बेटावर कोणाला कळणार?

"आई, दारांतच मासे वाळत घालतात गं!" तो पहिल्याच आठवड्यात ओरडला. "पूजेला बसलों कीं देवाच्या आधीं सुकटीचं दर्शन!"

"आंजनेयाला वडेमाळ बोललें आहें," सरोजाबाई म्हणाल्या. "तो बघून घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरीधरने दार उघडलं तर अंगण झाडलेलं, शेणाने सारवलेलं, वर कोलमची रांगोळी. मासे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले होते.

त्याला नवल वाटलं, पण फार नाही. सरोजाबाईंना मात्र मुळीच वाटलं नाही. त्यांनी मारुतीला वड्यांची दुसरी माळ नवसाने बोलून ठेवली.

मग कोंबडा. शेजारच्या घरचा कोंबडा सूर्याशी काही करार नसल्यासारखा वाटेल तेव्हा आरवे. गिरीधरने बाकावरून त्याचा उद्धार केला. "त्याची मान एकदां मुरगाळायला पाहिजे" असंही रागाच्या भरात म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून कोंबडा दिसेना. गिरीधरला दोन दिवस जेवण गेलं नाही. जन्मात मुंगी न मारलेला माणूस; आपल्या शब्दाने जीव गेला असं त्याच्या मनाने घेतलं. शेजाऱ्याला विचारायचंही धाडस होईना.

"नुस्तं बोलूं नकों तसं," सरोजाबाईंनी बजावलं. "आंजनेय आतां फार जवळून ऐकतो आहे."

आंबट वरणाचंही तसंच. आंबट वरण म्हणजे सांबार. पण तंजावरी मराठी माणूस त्याला सांबार म्हणेल तर शपथ. "युगं झालीं आंबट वरण खाऊन," असं तो फोनवर कळवळून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई झाकलेलं भांडं ठेवून गेली. मग दुसरी आली. संध्याकाळपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडे तिकडे सांबारच. गिरीधर एकेक झाकण उघडून वास घेत बसला. सगळ्या भांड्यांना कधी ना कधी मासा शिवलेला असणार, या विचाराने त्याचा घास घशाखाली उतरेना. तेही त्याने आईला सांगितलं. पुढच्या दिवशी एक कोरं करकरीत भांडं आलं. गळ्यात हळकुंड बांधलेलं, जसं पोंगलला बांधतात तसं. त्यात फक्त सारांसाठी शिजवणार, असं आणणारीने सांगितलं.

मार्गळीचा, म्हणजे पहाटेच्या भजनांचा, महिना लागला आणि अम्मन देवीच्या देवळावरचा कर्णा पहाटे गाऊ लागला. कर्ण्याचं तोंड नेमकं गिरीधरच्या खिडकीकडे. त्याने तक्रार केली आईकडे. दुसऱ्या पहाटे कर्णा समुद्राकडे वळलेला. त्या दिवशी पुरुष मासेमारीवरून परतले ते कान चोळतच.

एवढं होऊनही गिरीधरच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. एका बाजूला बेटावरच्या मच्छीमारांना सतराव्या शतकातली मराठी येते हा विचार. दुसऱ्या बाजूला मारुती. बहुतेक माणसं मारुतीवरच विश्वास ठेवतील.

एकदा मात्र त्याला जरा चमत्कारिक वाटलं. एकांबरम रोज संध्याकाळी येऊन बसे आणि दर वेळी एकच विचारी, "सार, तुम्ही जाणार नाही ना?" त्याला वैतागून गिरीधर बाकावरून म्हणाला होता, "अगं, आधीं त्याचं पोट येतं, मग पाव घटकेनं तो येतो!" दुसऱ्या दिवशी एकांबरम आला तो श्वास ओढून, पोट आत घेऊन, आणि बोलताना त्याचा चेहरा जांभळा पडत होता. "बरं नाही का?" गिरीधरने विचारलं. एकांबरमने मान हलवली. बोलायला श्वास शिल्लक नव्हता.

पोंगल जवळ आला तशी गिरीधरने कायमची सुटका करून घ्यायचं ठरवलं. शिक्षण खात्याच्या कचेरीत चंद्रमौळी नावाचा त्याच्या ओळखीचा कारकून होता. एका दुपारी, मांडवी रिकामी असताना, त्याने फोनवर युक्ती सांगितली होती. 'आई गंभीर आजारी, सांभाळायला कोणी नाही' असा बदलीचा अर्ज टाका, सुट्टीला म्हणून घरी या, आणि परत जाऊच नका. बाकीचं मी बघतो. अर्ज टाकूनही झाला होता. फक्त आजारी माणसाला कळवायचं राहिलं होतं.

"आई, तुला हृदयाचा विकार आहे म्हणून लिहिलं आहे!" तो बाकावरून ओरडला.

"मला?" सरोजाबाईंचा आवाज इतका चढला की मांडवीतल्या शेवटच्या बाईनेही मान वर केली. "मी रोज देवळाला चार प्रदक्षिणा घालतें, आणि माझं हृदय बिघडलं?"

"नुस्तं कागदावर गं! मी पोंगलला येतों, तो परत जात नाहीं. इथें कोणाला सांगटलं नाहीं. बघ, तूं बोलूं नकों कोणाला."

 मग सरोजाबाई हळूच म्हणाल्या, "जिथें देव तुझं येवढं ऐकतो, ती जागा सोडून येतोस?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

निघायच्या दिवशी गिरीधरने फक्त एक पिशवी घेतली, सुट्टीला जाणारा माणूस घेतो तशी. दुपारची होडी यायच्या वेळेला तो गुपचूप धक्क्याकडे निघाला. कोपऱ्यावर वळला आणि जागच्या जागी थांबला.

धक्क्यावर सगळं बेट उभं होतं. कर्णा देवळावरून उतरवून तिथे आणलेला. आंब्याच्या पानांचं तोरण. बायका नेसत्या पातळावर नव्हत्या, लग्नाच्या साड्यांत होत्या. एकांबरमच्या हातात शेवंतीचा हार, इतका जाड की धरायला दुसरा माणूस लागला होता. शाळेची मुलं ओळीत, केसांना तेल लावून.

"काय आहे हे?" गिरीधरने विचारलं, आणि त्याला स्वतःचाच आवाज बारीक वाटला.

"सार," एकांबरमने माईक तोंडाशी धरला, "आई म्हणजे देव. देव आजारी असताना शाळेचं काय घेऊन बसायचं? तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, कारण आम्हाला वाईट वाटेल. पण आम्हाला कळलं. आम्ही अडवणार नाही. जा. आईंची छाती बरी होऊ दे."

दोन म्हाताऱ्या मोठ्याने रडू लागल्या.  या लोकांना कळलं कसं? चंद्रमौळीने सांगितलं? छे, त्याला तर हे बेट कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मुलांनी सतराचा पाढा सुरू केला. तो त्याने नुसता वेळ काढायला शिकवला होता. सरकारी नोकरीच्या आधी शहरातल्या खासगी शाळेत त्याने इतकी वर्षं घालवली, पण तिथे सतराचा पाढा एका दमात म्हणणारा वर्ग त्याला भेटला नव्हता. इथे बारकी बारकी पोरं म्हणत होती, सतरा नव्वे एकशे त्रेपन्नलाही न अडखळता, आणि पाढा संपल्यावर काय करायचं ते न कळून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

गिरीधरला हार घालण्यात आला. हारात त्याचं नाकापर्यंतचं तोंड बुडालं. ते एका परीने बरंच झालं.

मग होडी लागली, आणि होडीतून सरोजाबाई उतरल्या.

नऊवारी खोचलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात प्रसादाच्या वड्यांची माळ, आणि फळीवरून चालत आल्या त्या अशा की नावाड्याने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. आंजनेय इतका जागृत असलेली जागा एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून त्या कोणालाही न सांगता आल्या होत्या. उंचपुऱ्या, गालांवर तजेला, होडीत ना मळमळ ना भोवळ.

"काय रे हें?" त्या खणखणीत मराठीत म्हणाल्या. "तुला हार कशाला? निवडून आलास कां?"

"सार," एकांबरमने हळूच विचारलं, "या कोण?"

खोटं बोलायला गिरीधरचं तोंड उघडलं, पण तोंडात शेवंती गेली. "आई," तो म्हणाला.

एकांबरमच्या हातातला माईक चालूच होता, कर्ण्याने तो शब्द साऱ्या बेटाला ऐकवला. रडणाऱ्या म्हाताऱ्या थांबल्या. पाढा सतरा चोकवर थांबला. सगळे सरोजाबाईंच्या छातीकडे बघू लागले.

तेव्हा गर्दीतून अंजलै पुढे आली. अंजलै म्हणजे बेटावरची सगळ्यात मोठ्या तोंडाची कोळीण. सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव तीच पुकारी आणि तिच्याशी हुज्जत घालायची एकांबरमचीही छाती नव्हती. संध्याकाळी मांडवीत ती बाकाच्या अगदी जवळ बसे. गिरीधरला वाटे, वाऱ्यासाठी.

ती सरोजाबाईंचा हात धरून, हसतमुखाने, सगळ्यांसमोर, स्वच्छ तंजावरी मराठीत म्हणाली, "अक्का, कांहीं विचारूं नकां. छातीला हात लावा, आणि आतां बरं आहे म्हणून सांगा. बाकी मग बोलतें."

गिरीधरच्या हातातली पिशवी खाली पडली. अंगणातली सुकट, कोंबडा, आंबट वरण, कर्णा, एकांबरमचं पोट, एकामागून एक सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि प्रत्येकाबरोबर त्याचा चेहरा एकेक रंग बदलत गेला.

सरोजाबाईंनी मात्र एकदाच अंजलैकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. कुठे प्रश्न विचारायचा आणि कुठे नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले, आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "आता बरं आहे. आंजनेयाची कृपा."

धक्क्यावर एकच आरडाओरडा झाला. कोणी शिट्टी मारली, कोणी ढोल काढला. एकांबरमने सारांच्या गळ्यातला हार काढून आईंच्या गळ्यात घातला. वड्यांची माळ तोडून वडे वाटले गेले आणि निरोपाचा कार्यक्रम बघता बघता स्वागताचा झाला. होडी तेवढी रिकामी परत गेली.

संध्याकाळी खोलीसमोर सरोजाबाई आणि अंजलै बसल्या होत्या. सरोजाबाईंनी प्रथम आपली चटई थोडी दूर ओढली होती. पण बोलता बोलता ती केव्हा सरकत जवळ आली ते त्यांनाही कळलं नाही. अंजलै सांगत होती. चेन्नईत रायपेट्ट्याला संताजीराव म्हणून एक तंजावरचे मराठे राहत. त्यांच्या घरी ती तरुणपणापासून टोपली घेऊन जायची. घरच्या सईबाई तिच्याशी तमिळमध्ये भाव करायच्या आणि आपसांत मराठीत बोलायच्या.

"माझ्या सुरमईला माझ्यासमोर काय नांवं ठेवतात, तें मला कळायला नकों?" अंजलै म्हणाली. "म्हणून शिकलें. आधीं शिव्या शिकलें, मग भाव, मग बाकीचं. सईबाई गेल्या, मुलं परदेशीं गेलीं. बरींच वर्षं एक शब्द कानावर नाहीं. आणि एक दिवस हा तुमचा लेक बाकावर चढून ओरडायला लागला. मी कोळंबी टाकून रडलें, अक्का."

सरोजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या तरी घरात कोणाशी बोलत होत्या? मान डोलावणाऱ्या नातीशी?

गिरीधर दाराशी उभा होता. आत जावं की बाहेर यावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "अंजलै अक्का, तो कोंबडा..."

"मिंजूर गांवाला, माझ्या लेकीकडे. तिथें सुखाचा आहे."

गिरीधरच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण दुसरा तसाच होता. "मी फोनवर नुस्तं कागदावर म्हणून सांगटलं, तें तुम्हीं ऐकलं होतं. मग गांवाला आई खरंच आजारी म्हणून कां सांगटलं?"

अंजलैने त्याच्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर लिलाव पुकारणारा तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तूं जाणार तें ठरलेलंच होतं. मास्तर पळाला म्हणून पोरांना सांगायचं, कीं मास्तर आईसाठीं गेला म्हणून? आमचीं पोरं तुझ्यासारखं चालतात, बघितलंस नाहीं कां? हात मागें बांधून. तुझं नांव तीं कसं घेतील, त्याचा विचार केला."

 गिरीधरने मागे बांधलेले हात सोडले, मग कुठे ठेवायचे ते न कळून पुन्हा बांधले.

त्या रात्री सरोजाबाईंनी पथारीवर पडल्या पडल्या निकाल दिला. "देवाच्या नांवानें खोटं बोललें, त्याचं प्रायश्चित्त माझं मी करीन. तुझं तूं बघ."

पोंगल त्यांनी बेटावरच केला. गिरीधर एकांबरमकडे क्षमा मागायला गेला, तर तो पोट सोडून आरामात बसला होता. "त्यात काय, सार? माझी बायको बारा महिने तेच म्हणते. पण तुमचं ऐकून मी सकाळी किनाऱ्यावर चालायला लागलो. ती म्हणते, तिचं बोलणंही अंजलैने येऊन सांगितलं असतं तर बरं." मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विचारायला तोंड उघडलं, गिरीधरकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

सुट्टी संपून कचेऱ्या उघडल्या त्या सकाळी गिरीधर मांडवीत गेला. बाकावर चढला, तोंड नैर्ऋत्येला केलं आणि चंद्रमौळीला फोन लावला. मराठीचा उपयोग नव्हताच. तो सरळ तमिळमध्ये बोलला. मांडवीतले सगळे हात थांबले होते.

"चंद्रमौळी, तो बदलीचा अर्ज परत घ्यायचा आहे."

"म्हणजे लवकर पाहिजे?"

"नको आहे. मी इथेच राहतो. आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा इतकी वर्षं रिकामी आहे, तिचं बघा जरा."

 मग चंद्रमौळीने आवाज एकदम खाली आणला.

"सार, माझी इतकी सर्व्हिस झाली, बेटावरून बदलीचा अर्ज परत घेणारा माणूस मी पाहिला नाही. खरं सांगा. आसपास कोणी उभं आहे का?"

गिरीधरने खाली पाहिलं. एकांबरम होता, अंजलै होती, आई होती, हळकुंडवाल्या भांड्याची मालकीण होती, आणि त्यांच्या मागे सगळं बेट.

"हो," तो म्हणाला, "बरेच जण आहेत."

"घाबरू नका," चंद्रमौळी कुजबुजला. "फोन चालू ठेवा. मी साहेबांना सांगून पोलिसांची होडी पाठवतो."

त्याला पटवता पटवता गिरीधरला शाळेला उशीर झाला.